मैलापाणी दारात आले, तर जाब कुणाला विचारायचा?

चेंबर तुंबते, मैलापाणी रस्त्यावर येते आणि रहिवासी विटा टाकून त्यातूनच वाट काढतात. हे आपल्या नशिबाचे भोग नाहीत. आपण गप्प का बसतो, त्यामागचे काही गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

गैरसमज : गटार तुंबले तर पालिका तरी काय करणार?

वस्तुस्थिती : मैलावाहिन्या बांधणे, दुरुस्त ठेवणे आणि साफ करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. नगरपरिषदांवरही 1965 च्या अधिनियमाने अशीच जबाबदारी टाकली आहे. दुरुस्ती करून पालिका आपल्यावर उपकार करत नाही.

गैरसमज : ‘निधी नाही’ म्हटले की विषय संपला.

वस्तुस्थिती : मध्य प्रदेशातील रतलामच्या नगरपालिकेने नेमके हेच सांगून पाहिले होते. उघडी गटारे, शौचालयांचा अभाव आणि मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी यांनी हैराण झालेल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. निकाल विरोधात गेल्यावर नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथे 1980 मध्ये न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी तिची सबब फेटाळली. ज्या संस्थेचे अस्तित्वच सार्वजनिक आरोग्य राखण्यासाठी आहे, तिला तिजोरीकडे बोट दाखवून सुटता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. गटारे बांधा, शौचालये उभारा, असे आदेश मुदत घालून दिले गेले.

गैरसमज : नगरसेवकाला फोन केला, म्हणजे तक्रार झाली.

वस्तुस्थिती : फोनचा पुरावा राहत नाही. वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या, तारखेसह फोटो जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. काम झाले नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा : अर्ज कोणत्या अभियंत्याकडे गेला? त्याने काय कार्यवाही केली? ही वाहिनी शेवटची कधी साफ झाली? त्यापोटी ठेकेदाराला किती बिल दिले? उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.

गैरसमज : घाण रस्त्यावर आहे, नळाच्या पाण्याला धोका नाही.

वस्तुस्थिती : आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा थांबला की जलवाहिनीतला दाब घटतो आणि गळतीच्या जागेतून आजूबाजूचे मैलापाणी आत शिरू शकते. काविळीचे काही प्रकार, विषमज्वर, कॉलरा यांचा हाच मार्ग. 1955-56 मध्ये दिल्लीच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या उपशापर्यंत सांडपाणी पोहोचले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. म्हणून नळाच्या पाण्याला वास येत असेल, तर आरोग्य विभागाकडे पाण्याच्या तपासणीची मागणीही त्याच दिवशी करा.

गैरसमज : दाद मागायची तर हायकोर्ट गाठावे लागते.

वस्तुस्थिती : रतलामच्या रहिवाशांनी वापरलेली तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. शिवाय पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाचे खंडपीठ आहे. तिथे वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येते. मात्र पर्यावरणाच्या वादासाठी सहा महिन्यांची आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नका.

गैरसमज : माणूस उतरवून का होईना, चेंबर आजच मोकळे झाले पाहिजे.

वस्तुस्थिती : सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. विषारी वायूने क्षणात जीव जातो. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 30 लाख रुपये केली, पण गेलेला माणूस त्याने परत येत नाही. त्यामुळे अर्जात जेटिंग आणि सक्शन यंत्राचीच मागणी लिहा. आपल्या दारातली घाण काढताना दुसऱ्याच्या घरातला कर्ता माणूस जाणार नाही, याचाही जाब पालिकेला विचारणे हे आपलेच काम आहे.