हिशेब कोणाला द्यायचा?

त्रावणकोरच्या दिवाणाने तिजोरी सावरली. पण तिच्या किल्ल्या कोणाकडे राहिल्या, हा प्रश्न आजच्या केंद्र-राज्य वादातही जिवंत आहे.

केरळने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यघटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली केंद्र सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा राजधानीतील चर्चा कर्जमर्यादेच्या टक्केवारीतच अडकून पडली. न्यायालयाने १ एप्रिल २०२४ रोजी अंतरिम दिलासा नाकारला आणि राज्यांच्या कर्ज उभारण्याच्या अधिकाराचा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला. केंद्राचे कर्ज शिल्लक असेल, तर राज्याला नवे कर्ज काढण्यासाठी केंद्राची संमती लागते, असे २९३ वा अनुच्छेद सांगतो. ही तरतूद १९३५ च्या कायद्यातील १६३ व्या कलमाची वारस आहे. मात्र वरिष्ठ सत्तेच्या नजरेखाली अर्थव्यवहार चालवण्याचा पेच त्याहूनही जुना आहे. आज ज्याचा बहुतांश भाग केरळात मोडतो, त्या त्रावणकोर संस्थानाने तो एकोणिसाव्या शतकात अनुभवला. त्यातून वाट काढणारा दिवाण तंजावरच्या मराठी घराण्यातला होता.

तैनाती फौजेचे ओझे

त्रावणकोरच्या परावलंबनाचे मूळ १८०५ च्या तहात आहे. तैनाती फौजेपोटी वर्षाला आठ लाख रुपये कंपनीला देण्याचे संस्थानाने मान्य केले. ही रक्कम धोक्यात आली, तर कारभारात थेट हस्तक्षेप करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला. थकबाकी आणि हस्तक्षेप यांतूनच दिवाण वेलू तंपी यांचे १८०८-०९ चे बंड उद्भवले, आणि ते मोडले गेले. पुढे पगार तुंबले, मंदिराच्या खजिन्यातून उसनवारी झाली. १८५५ मध्ये डलहौसीच्या राजवटीत महाराजांना स्पष्ट इशारा मिळाला: कारभार सुधारा, नाहीतर राज्य जाईल. हा इशारा पोकळ नव्हता. वारसाचा प्रश्न पुढे करून सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये खालसा झाले होते. १८५६ मध्ये केवळ गैरकारभाराच्या सबबीवर अवधही गेले.

अशा घडीला, १८५७ च्या अखेरीस, कारभाराची सूत्रे टी. माधवरावांच्या हाती आली. त्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचा, शिक्षण मद्रासचे. त्रावणकोरला ते १८४९ मध्ये आले ते राजपुत्रांचे शिक्षक म्हणून. शिलकी तिजोरी हेच संस्थानाचे खरे संरक्षण, हे त्यांनी ओळखले होते.

मक्ते गेले, कर आला

संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा आधार मिरी, तंबाखू आणि मीठ यांच्या सरकारी मक्त्यांवर होता. मिरीच्या उत्पादकाने आपला माल ठरलेल्या भावाने सरकारलाच विकायचा, असा शिरस्ता होता. सरकारी भाव आणि बाजारभाव यांतील तफावतीवर चोरटा व्यापार पोसला जात होता आणि पहाऱ्याचा खर्च वाढत होता. माधवरावांनी १८६० मध्ये मिरीचा मक्ता बंद करून त्याऐवजी निर्यातकर बसवला. १८६३ मध्ये तंबाखूचा मक्ता जाऊन आयातकर आला. त्याच सुमारास जुने सार्वजनिक कर्ज फिटल्याचे जाहीर झाले. १८६५ च्या पट्टम जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना मालकी हक्क दिले. जमीन विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. साऱ्याची वसुलीही निश्चित झाली.

खुल्या व्यापाराचा मद्रास सरकारचा आणि युरोपीय व्यापाऱ्यांचा आग्रह यामागे होता, हे विसरता येत नाही. तरीही सुधारणा केवळ लादलेली नव्हती. उत्पन्नाचे साधन अकस्मात तोडून न टाकता मक्त्याच्या जागी कर आणायचा आणि व्यापार वाढेल तसा तो उतरवायचा, ही रीत माधवरावांची होती.

भरपाईचा सौदा

या पर्वाचा आज सर्वाधिक बोलका भाग म्हणजे १८६५ चा जकात करार. तोवर त्रावणकोरचा माल ब्रिटिश मुलखात परदेशी मालासारखा गणला जाई. करारामुळे ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यातील व्यापार, काही वस्तू वगळता, जकातमुक्त झाला. त्याबदल्यात संस्थानाने आपल्या बंदरांवर ब्रिटिश हिंदुस्थानचे दर स्वीकारले, मिठाची किंमत ब्रिटिश मुलखाशी जुळवून घेतली आणि बुडणाऱ्या उत्पन्नापोटी भरपाई पत्करली.

व्यापाराचा लाभ खरा होता. किंमतही खरी होती. दर ठरवण्याचा अधिकार कलकत्त्याकडे गेला, आणि वरून मिठाचा कर वाढला की त्याची झळ त्रावणकोरच्या कुटुंबाला बसू लागली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा राज्यांनीही असाच सौदा केला. चौदा टक्के वार्षिक वाढ गृहीत धरून पाच वर्षांची भरपाई मिळाली, ती जून २०२२ मध्ये संपली. फरक मूलभूत आहे. आजच्या राज्याला जीएसटी परिषदेत मत आहे, न्यायालयाचे दार उघडे आहे. माधवरावांकडे केवळ अर्ज-विनंत्या होत्या. पण कराराचा तर्क तोच आहे: भरपाईला मुदत किंवा मर्यादा असते, सोडलेला अधिकार मात्र परत येत नाही.

अहवालाचा वाचक

माधवरावांच्या काळात संस्थानाचा वार्षिक प्रशासन अहवाल इंग्रजीत निघू लागला. जमा, खर्च, शिल्लक सारे त्यात असे. तो रेसिडेंटमार्फत मद्रास सरकारकडे जाई आणि तेथून त्यावर अभिप्राय येई. हिशेब चोख होता. पण तो वरिष्ठ सत्तेला दिलेला होता, कर भरणाऱ्या प्रजेला नव्हे. म्हणूनच ब्राह्मणांना मोफत भोजन देणाऱ्या ऊट्टुपुरांचा खर्च चालू राहिला, आणि त्याला जाब विचारण्याची सोय खालच्या जातींतील करदात्यांना नव्हती. वरच्या नोकऱ्या परप्रांतीय ब्राह्मणांच्या हाती असल्याचा असंतोष १८९१ च्या ‘मल्याळी मेमोरियल’मधून बाहेर पडला. दहा हजारांवर लोकांनी त्यावर सह्या केल्या. त्या रोषाच्या रोखात तंजावरची मराठी घराणीही होती. परप्रांतात प्रशासन चालवणाऱ्या मराठी माणसाने हे पानही वाचायला हवे.

१८८८ मध्ये त्रावणकोरात आठ नियुक्त सदस्यांचे विधिमंडळ आले, १९०४ मध्ये श्रीमूलम प्रजासभा भरली. अर्थसंकल्पावर मतदानाचा अधिकार मात्र १९२० च्या दशकात पोहोचला. तिजोरी सावरायला पाच-सहा वर्षे पुरली. तिचा हिशेब प्रजेच्या प्रतिनिधींसमोर यायला आणखी सहा दशके लागली.

त्रावणकोरचा धडा आज केंद्र आणि राज्ये दोघांनाही लागू आहे. वित्तीय शिस्त आवश्यकच आहे. ती नसती तर त्रावणकोर नकाशावर राहिले नसते. पण शिस्तीची ग्वाही केवळ दिल्लीला, वित्त आयोगाला किंवा पतमापन संस्थेला द्यायची असेल, तर विधिमंडळातील चर्चा उपचारापुरती उरते. लोकसभेने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये गदारोळात, चर्चेविना, ‘गिलोटिन’ लावून अर्थसंकल्पीय मागण्या मंजूर केल्या. राज्यांनी केंद्राकडे कर्ज उभारण्याचे स्वातंत्र्य जरूर मागावे. परंतु काढलेल्या प्रत्येक रुपयाचा, अर्थसंकल्पाबाहेरच्या महामंडळांमार्फत उचललेल्या कर्जासह, तपशील आधी आपल्या विधानसभेसमोर ठेवावा. आपल्याच लोकांना पूर्ण हिशेब देणाऱ्या राज्यावर पहारेकरी नेमण्याची सबब उरत नाही. माधवरावांना ती सोय नव्हती. आज ती आहे, आणि तीच फारशी वापरली जात नाही.