कीटकनाशके व वन्यपक्षी : धोक्याच्या मूल्यमापनातील संपर्कमात्रेचा प्रश्न

एखादे कीटकनाशक विषारी आहे काय, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटू शकतो. त्यापासून वन्यजीवांना धोका आहे काय, हा प्रश्न मात्र केवळ तेथे सुटत नाही. चाचणीतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात तिला एलडी-५० म्हणतात. शरीरात जाणाऱ्या अपेक्षित मात्रेला या आकड्याने भागले असता धोका-गुणांक मिळतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतीत पक्ष्यांच्या तीव्र विषबाधेसाठी ०.५ ही चिंतेची मर्यादा मानली जाते, तर संकटग्रस्त जातींसाठी ०.१.

समजा, १ किलो वजनाचा पक्षी दिवसाला १०० ग्रॅम कीटक खातो व त्यांत दर किलोस १० मिलिग्रॅम अवशेष आहेत. म्हणजे त्याच्या शरीरात १ मिलिग्रॅम विष जाते. एलडी-५० दर किलोस २ मिलिग्रॅम असेल, तर गुणांक ०.५ येतो. गणित सोपे आहे. परंतु ‘१०० ग्रॅम’ हे गृहीतक कोठून आले, हाच कळीचा मुद्दा होय.

अर्जेंटिनातील घटना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पश्चिम उत्तर अमेरिकेत वीण करणारे स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी स्थलांतर करून तेथील पंपास गवताळ प्रदेशात जातात आणि थव्याने नाकतोड्यांवर तुटून पडतात. १९९५-९६ च्या हंगामात मोनोक्रोटोफॉस फवारलेल्या शेतांत ५,००० हून अधिक पक्षी मृत आढळले. एकूण मृत्यू सुमारे २०,००० असावेत असा अंदाज करण्यात आला. हे द्रव्य पक्ष्यांना अत्यंत विषारी आहे, ही माहिती नवी नव्हती. अमेरिकेत त्याची नोंदणी १९८८ मध्येच संपुष्टात आली होती. उणीव होती ती संपर्कमात्रेच्या विचारात. जेथे टोळ तेथे फवारणी, आणि तेथेच पक्ष्यांचा थवा! काही पक्ष्यांच्या अंगावर तर फवाराच पडला. आहारावर आधारलेल्या गणितात त्याला स्थान नसते. अर्जेंटिनाने १९९६ मध्ये निर्बंध घातले व १९९९ मध्ये संपूर्ण बंदी केली.

आपल्याकडे भरतपूरच्या केवलादेव उद्यान परिसरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सारस पक्षी दगावले, त्यामागे शेतात वापरलेले आल्ड्रिन होते. तेथे आल्ड्रिनचे शरीरात होणारे डिल्ड्रिन टिकाऊ असल्याने ऊतींत सापडले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेटे मात्र लवकर विघटित होतात. म्हणून मृत पक्ष्याच्या मेंदूतील कोलिनेस्टरेज या विकराची क्रियाशीलता मोजावी लागते. शिवाय मृतदेह कोल्हे-कुत्रे नेतात, काही उभ्या पिकात दिसतच नाहीत. त्यामुळे सापडलेल्या मृतांची संख्या ही नेहमी किमान संख्या समजावी.

भारतात भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉसच्या वापरास २००५ मध्ये मनाई झाली. ३६ टक्के एसएल हे प्रचलित द्रावण बंद करण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला. विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीच्या शेतांत ते दीर्घकाळ वापरले गेले. त्या शेतांतील पक्षी फवारणीच्या काळात नेमके काय व किती खातात, याच्या नोंदी महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभाग दुर्बीण, वही व एका हंगामाच्या चिकाटीने घेऊ शकतात. धोका-गुणांकातील सर्वांत कच्चा आकडा तोच आहे.