हॅक्सॉ ब्लेड घेताना: दाते मोजा, मग नाव बघा

हार्डवेअरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तर बहुतेक गिऱ्हाइकं एवढंच म्हणताना ऐकू येतात, "एक हॅक्सॉ ब्लेड द्या, चांगलं द्या." दुकानदार हाताला लागेल ते, बहुधा २४ दात्यांचं, काढून देतो. काय कापायचंय हे तो विचारत नाही, गिऱ्हाईकही सांगत नाही. मग त्याच ब्लेडने कोणी ग्रिलचा पातळ पाइप कापायला घेतो, कोणी ४० मिलिमीटरचा भरीव रॉड. पहिल्याचे दाते झडतात, दुसऱ्याचा हात भरून येतो, आणि दोघंही म्हणतात, "हल्ली पूर्वीसारखी ब्लेडं येत नाहीत." बाजारात हलका माल भरपूर आहे, हे खरंच. पण वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेली मोडकी ब्लेडं उचलून बघा. त्यांतली बरीच मुळात चांगली असतात, नको त्या कामाला लावलेली असतात.

म्हणून पहिला आणि सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा: चांगलं ब्लेड काहीही कापतं. धातू कापणारं ब्लेड म्हणजे एका ओळीत उभ्या केलेल्या शेकडो बारीक छिन्न्या. प्रत्येक दाता धातूचा थोडासा कीस काढतो, आणि धातूबाहेर पडेपर्यंत तो कीस आपल्या पुढच्या खाचेत सांभाळत नेतो. यातून दोन अटी येतात. एक, कोणत्याही क्षणी किमान तीन दाते धातूत असले पाहिजेत. दोन, कीस मावायला खाचेत जागा असली पाहिजे. पातळ मालाला पहिली अट आडवी येते, जाड मालाला दुसरी.

हाताने चालवायच्या हॅक्सॉची ब्लेडं इंचाला १४, १८, २४ आणि ३२ दात्यांची मिळतात. काही ब्लेडांवर संख्येऐवजी दोन दात्यांमधलं अंतर छापलेलं असतं: १.८, १.४, १.० किंवा ०.८ मिलिमीटर. तीन दाते एकदम बसायला १४च्या ब्लेडला सुमारे साडेपाच मिलिमीटर जाडी लागते, १८च्या ब्लेडला सव्वाचार, २४च्या ब्लेडला सव्वातीन आणि ३२च्या ब्लेडला जेमतेम अडीच. आता अर्धा इंची जीआय पाइप घ्या. मध्यम वर्गाच्या पाइपची भिंत साधारण २.६ मिलिमीटर असते. वरून कापायला सुरुवात केली की काही अडचण जाणवत नाही, कारण पाइपच्या माथ्यावर ब्लेड लांबवर टेकलेलं असतं. पण ब्लेड आत फुटून निम्म्यापर्यंत उतरलं की त्याच्यासमोर दोन्ही बाजूंना फक्त भिंतीची जाडी उरते. तिथे २४च्या ब्लेडचे दोन-अडीच दातेच बसतात. भिंतीची कड दोन दात्यांच्या मध्ये घुसते, "कट्" असा आवाज येतो आणि एक दाता जातो. त्या रिकाम्या जागेमुळे मागचा दाता त्याच कडेवर अधिक जोरात आपटतो, तोही जातो. बघता बघता बोटभर पट्टा सपाट होतो. इथे ३२ दात्यांचं ब्लेड घ्यावं आणि तरीही पाइप एका दमात आरपार कापू नये. ब्लेड आत फुटलं की पाइप थोडा फिरवावा, पुन्हा माथ्यावरून कापावं. जुने प्लंबर हे न सांगता करतात.

एक-दोन दाते तुटले म्हणून ब्लेड लगेच फेकायची गरज नसते. तुटलेल्या जागेमागचे दोन-तीन दाते ग्राइंडरवर हलकेच घासून उतरते केले की मागच्या दात्यांवरचा आघात थांबतो आणि ब्लेड बराच काळ चालतं. घासताना मात्र कड निळी पडू देऊ नये. निळी पडली म्हणजे तिथला टेंपर गेला.

आता भरीव रॉड. ४० मिलिमीटरच्या रॉडवर ३२चं ब्लेड ठेवलं तर मध्यावर एका वेळी जवळपास ५० दाते धातूत असतात. तुमच्या हाताचा दाब त्या पन्नासांत वाटला जातो, एकही दाता नीट रुतत नाही, आणि इवल्याशा खाचा किसाने भरून ब्लेड नुसतं घसरतं. १४चं ब्लेड ठेवलं तर २२च दाते असतात. प्रत्येकाला दुपटीहून जास्त दाब मिळतो, कीसही सुटा पडतो. बारीक दाते म्हणजे सफाईदार, म्हणून चांगलं, ही समजूत जाड मालावर अशी उलटते. जाड ॲल्युमिनियम आणि तांब्याला तर मोठे दातेच हवेत, कारण त्यांचा चिकट कीस बारीक खाचांत गच्च बसतो. याउलट मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ पत्र्याला कुठलंच हॅक्सॉ ब्लेड सरळ लागू पडत नाही. तो दोन लाकडी फळ्यांत घट्ट धरून फळ्यांसकट कापावा, नाहीतर पत्रा कातरीने कापावा.

दाते ठरले की पोलादाचा प्रश्न येतो, आणि इथे दुकानातलं एक प्रात्यक्षिक फार दिशाभूल करतं. दुकानदार ब्लेड हातात घेऊन कमानीसारखं वाकवतो, सोडतो, ते सरळ होतं, आणि तो म्हणतो, "बघा, तुटत नाही." यातून फक्त ब्लेडची पाठ लवचिक आहे एवढंच कळतं. कापतात दाते, दाते किती कठीण आहेत हे वाकवून समजत नाही.

ब्लेडं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. लवचिक ब्लेडमध्ये फक्त दात्यांच्या कडेला पाणी दिलेलं असतं, पाठ मऊ ठेवलेली असते. शिकाऊ हाताला, वेड्यावाकड्या जागी काम करणाऱ्याला हे बरं. दुसरं पूर्ण कठीण ब्लेड. व्हाइसमध्ये घट्ट धरलेल्या मालावर, सरळ हात असलेल्या फिटरकडे याच्याइतकं सरळ दुसरं कापत नाही. पण जरा पिळवटलं की काचेसारखे तुकडे होतात, आणि ते तुकडे डोळ्याकडे उडू शकतात. तिसरं बाय-मेटल. यात पाठ लवचिक मिश्र पोलादाची आणि कडेला हायस्पीड स्टीलची, म्हणजे एचएसएसची, अरुंद पट्टी असते. दोन्ही इलेक्ट्रॉन बीम किंवा लेझरने जोडून मग तिच्यावर दाते पाडतात. पाठ तुटत नाही आणि दाते लवकर बोथट होत नाहीत. किंमत साध्या ब्लेडच्या कित्येक पट असते, पण रोज लोखंड कापणाऱ्याला माझ्या मते हेच स्वस्त पडतं. वर्षातून दोनदा खिडकीचा गज कापणाऱ्याने साधं लवचिक ब्लेड घेतलं तरी काही बिघडत नाही.

एचएसएसबद्दलही एक अर्धसत्य फिरतं: हे पोलाद जोरात चालवण्यासाठी केलंय, तेव्हा हात जितका जोरात चालेल तितकं चांगलं. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे पोलाद तापवण्याची रीत बसवली, आणि १९००च्या पॅरिस प्रदर्शनात लेथवर लाल झालेलं हत्यार लोखंड कापताना लोकांनी पाहिलं. साध्या कार्बन पोलादाची कठीणता दोनशे-अडीचशे अंशांपुढे उतरू लागते. एचएसएस सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. पण त्यालाही मर्यादा आहेच. हिशेब करून बघा. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे एका फेरीला एक सेकंद, त्यातला अर्धा पुढे जाण्याचा. अर्ध्या सेकंदात ब्लेड २५ सेंटिमीटर सरकलं, तर कापण्याचा वेग मिनिटाला ३० मीटर झाला. माइल्ड स्टीलवर एचएसएसच्या हत्याराला साधारण हाच वेग सोसतो. कार्बन पोलादाला त्याच्या निम्मा. म्हणजे साधं ब्लेड लावून मिनिटाला शंभर फेऱ्या मारणारा माणूस घाम गाळून स्वतःच ब्लेडचे दाते घालवत असतो. शिवाय घाईत फेरी आखूड होते आणि ब्लेडचा मधला वीतभर भागच झिजतो, दोन्ही टोकं कोरी राहतात. मिनिटाला ४० ते ५० फेऱ्या, पूर्ण लांबीच्या, पुढे जाताना दाब आणि मागे येताना हात हलका. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये पहिल्या महिन्यांत हेच घोटून घेतात, आणि ते बरोबर आहे.

स्टेनलेस स्टीलवर तर ही घाई अधिकच नडते. घरोघरी रेलिंगला आणि भांड्यांना वापरलं जाणारं ३०४ वर्गाचं स्टेनलेस नुसतं घासलं की पृष्ठभागावर आणखी कठीण होत जातं. "हळूहळू घासत राहा, कापलं जाईल" हा सल्ला म्हणून इथे उलटा पडतो. दाता दर वेळी खाली रुतलाच पाहिजे: वेग कमी, दाब ठाम, ब्लेड नवं आणि एचएसएस दात्यांचं, थेंबभर कापण्याचं तेल. एकदा चकाकी आलेल्या जागेवर जुनं ब्लेड रगडत बसण्यापेक्षा मिलिमीटरभर बाजूला नवी खाच घ्यावी.

टीएमटी सळईचीही अशीच तक्रार असते की पहिल्या फेऱ्यांना ब्लेड धरतच नाही. यात दोष ब्लेडचा नसतो. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या तप्त सळईवर पाण्याचे जोरदार फवारे मारून तिची बाहेरची कड कठीण केलेली असते. गाभा तुलनेने मऊ राहतो. तिकोनी कानशीने एक खाच पाडली, वरचा थर ओलांडला की ब्लेड मुकाट चालतं. पण कुलपाची कडी, बेअरिंगची रिंग, पाणी दिलेली शाफ्ट यांवर कोणत्याही कंपनीचं दात्यांचं ब्लेड चालणार नाही, कारण तिथे माल दात्यांच्या जवळपास तितकाच कठीण असतो. "हे ब्लेड कुलूपही कापतं" असं कोणी सांगितलं तर पाणी दिलेल्या कडीपुरतं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. अशा मालाला कार्बाइडचे कण चिकटवलेलं ब्लेड किंवा ग्राइंडर लागतो.

रंगाचं काय? निळं ब्लेड मऊ, लाल कठीण, पिवळं इम्पोर्टेड, अशा खुणा लोक छातीठोकपणे सांगतात. रंग हा गंजापासून बचाव आणि कंपनीची ओळख. त्याचा पोलादाशी काही संबंध नाही, आणि एका कंपनीचा संकेत दुसरीला लागू नाही. मजकूर वाचावा. ब्लेडवर लांबी, दात्यांची संख्या किंवा अंतर, पोलादाचा प्रकार, बनवणाऱ्याचं नाव आणि बाण हे सगळं स्वच्छ छापलेलं असलं पाहिजे. लांबी ३०० किंवा २५० मिलिमीटर असते आणि ती दोन टोकांच्या भोकांमधली मोजतात. पट्टी लावून टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर जास्त भरते, ती फसवणूक नाही. हॅक्सॉ ब्लेडांसाठी आयएस २५९४ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख आहे का बघा. ब्लेड डोळ्यासमोर आडवं धरून पाठ सरळ आहे का पाहा. मग दात्यांकडून बघा: दाते दोन्ही बाजूंना सारखे झुकलेले किंवा एकसारख्या लाटेत असले पाहिजेत. या झुकावामुळेच काप ब्लेडच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि ब्लेड त्यात अडकत नाही. एका बाजूला झुकाव जास्त असेल तर ब्लेड त्या बाजूला ओढलं जाणार, मग फिटर कितीही कसबी असो.

छापलेलं "एचएसएस" खरं की खोटं हे दुकानात ओळखता येत नाही. पेटी घेण्याआधी एक-दोन ब्लेडं न्यावीत आणि २० मिलिमीटरच्या माइल्ड स्टील रॉडवर ओळीने पाच काप घ्यावेत, प्रत्येक कापाला लागलेल्या फेऱ्या मोजत. चांगल्या ब्लेडला पाचव्या कापाला पहिल्यापेक्षा फारशा जास्त फेऱ्या लागत नाहीत. हलकं ब्लेड तिसऱ्या-चौथ्या कापालाच ओरडू लागतं.

काही बारीक गोष्टी. दात्यांची तोंडं मुठीपासून पुढे, बाणाच्या दिशेने. ब्लेड सैल असेल तर काप तिरका जातो, म्हणून ते ताठ करावं आणि चार फेऱ्यांनंतर विंग नट पुन्हा तपासावा, कारण नवं ब्लेड थोडं बसतं. झिजलेल्या ब्लेडच्या कापात नवं ब्लेड घालू नये. जुना काप अरुंद झालेला असतो, नवं त्यात अडकून मोडतं. माल फिरवून समोरच्या बाजूने नवा काप घ्यावा. तेल सगळ्यालाच लागतं असं नाही: बीड कोरडंच कापतात, त्याच्यात ग्राफाइट असतं. पण ओतीव कामावर चिकटलेली वाळू आधी छिन्नीने किंवा जुन्या कानशीने काढा, ती नवे दाते पहिल्याच मिनिटात मारते.

लहान वर्कशॉपच्या मालकांना एक कळकळीची विनंती आहे. २४ दात्यांच्या स्वस्त ब्लेडांची एकच पेटी आणून पोरांच्या हाती देऊ नका. दात्यांच्या चारही संख्यांची थोडी थोडी ब्लेडं ठेवा, कोणतं कशाला हे भिंतीवर ठळक लिहा आणि शेजारी चष्मे टांगा. मोडलेल्या ब्लेडचे पैसे तुमचे जातात, पण फ्रेमवर आपटून सोलवटणारी बोटं त्या पोराची असतात.