आखाजीच्या आदल्या आठवड्यात

सकाळी साडेसहा

फोन अंगणवाडी सेविकेचा. मागे वाऱ्याचा आवाज, म्हणजे ती टेकडीवर आलेली आहे. तिच्या पाड्यावर रेंज नाही, बोलायचं तर वर चढावं लागतं. "मॅडम, पोषण ट्रॅकर चालत नाहीये. शनिवारच्या आत येऊन बघून जाल का?"

पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपशी माझा काडीचा संबंध नाही. मी नंदुरबारला जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ती आहे. पण आमचं ठरलेलं आहे. ट्रॅकर म्हणजे लग्न, आणि जो वार सांगितला तो लग्नाचा. टेकडीवर ती एकटी कधीच नसते. रेंजसाठी वर आलेले चारदोन जण असतातच, आणि त्यातला एखादा नवऱ्या मुलाचा चुलता निघू शकतो. म्हणून मी असेच प्रश्न विचारते ज्यांना हो-नाही पुरतं. आश्रमशाळेतली? हो. दहावीची? हो. मंडप पडला? नाही.

तिने सांगितलेलं मी लगेच चाइल्ड हेल्पलाइनच्या नोंदीत टाकून घेते, माहिती देणाऱ्याचं नाव गोपनीय ठेवून. 1098 हा नंबर 2023पासून सरकार स्वतः चालवतं. दुपारी गावात "तुम्हाला कोणी सांगितलं?" हा प्रश्न येणारच, तेव्हा "1098" एवढंच उत्तर द्यायचं असतं. सेविकेला त्याच पाड्यावर राहायचंय, तिथल्याच हातपंपावर पाणी भरायचंय.

सकाळी आठ

तळोद्याच्या पुढे कोठार सोडलं की चांदसैलीचा घाट लागतो आणि रेंज जाते. त्यामुळे सगळे फोन त्याआधी उरकायचे. पहिला ग्रामसेवकांना. 2006च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे गावातले प्रतिबंधक अधिकारी तेच. 2024मध्ये पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, लोकांच्या तोंडी अजून भाऊसाहेबच आहे. त्यांच्याकडे एकाहून जास्त पंचायती, आणि एकेका पंचायतीत डोंगरभर विखुरलेले पाडे. "भाऊसाहेब, बाराला पंचायतीत समितीची बैठक लावा. विषय आखाजीची खबरदारी, एवढंच सांगा." दुसरा फोन बीट हवालदारांना. एक महिला शिपाई हवी, साध्या कपड्यात, आणि गाडी फाट्यावरच थांबवा. पोलिसांची गाडी पाड्यावर चढली तर लग्न थांबेल, पण पुढचं वर्षभर त्या पाड्यावर आमच्याशी कोणी धड बोलणार नाही.

हा हंगामच असा असतो. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीच्या आगेमागे परततात. मग नातेवाईक गावात, हातात थोडा पैसा, आणि पाऊस लागेपर्यंत लग्नं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की दरवर्षी सरकारी पत्रं निघतात. मंगल कार्यालयं, छापखाने, मंडपवाले, बँडवाले यांनी वधूवरांच्या वयाचा पुरावा पाहावा म्हणून. शहाद्याच्या सपाटीवर त्याचा उपयोग होत असेल. इथे पत्रिका छापत नाहीत, हॉल नसतो, घोडा नसतो. छापखान्यातून इथलं लग्न कधी कळणारच नाही, ते कळतं टेकडीवरून फोन करणाऱ्या बाईकडून.

राज्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 26.3 टक्के होतं, 2019-21च्या पाहणीत ते 21.9वर आलं. प्रशिक्षणात हा आकडा उतरता म्हणून दाखवतात. उतरता आहेच, पण अजून पाचात एकीहून जास्त.

सकाळी साडेदहा

आश्रमशाळेला सुट्टी लागायची आहे, मुख्याध्यापक जागेवर आहेत. जनरल रजिस्टर काढतात. मुलीची जन्मतारीख 1 जून. वरच्या ओळीतल्या मुलाची 1 जून, खालच्याची 1 जून. जन्म घरी झालेले, नोंद नाही, पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि तारीख शाळेच्या सोयीची टाकली. महाराष्ट्रात लाखो माणसं अशी एकाच दिवशी म्हातारी होतात.

पण आज याच तारखेवर सगळं अवलंबून आहे. आधारवर तिला अठरा पूर्ण दिसतात, घरचे तेच पुढे करणार. रजिस्टरप्रमाणे तिला सोळावं चालू आहे. वय ठरवायचा क्रम बाल न्याय अधिनियमात दिलेला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पंचायतीची जन्मनोंद, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार त्या यादीतच नाही. उताऱ्यावर सही-शिक्का घेते, दोन प्रती.

दुपारी बारा

पंचायतीच्या भिंतीवर ग्राम बाल संरक्षण समितीचा फलक आहे. अध्यक्ष सरपंच, सचिव अंगणवाडी सेविका, मग पोलीस पाटील, शिक्षक, आशा, बचत गटाची बाई, मुलांचे प्रतिनिधी. शिक्षकांच्या जागी ज्यांचं नाव आहे ते बदलून गेलेत. मुलींची प्रतिनिधी वर्षातले बहुतेक महिने आश्रमशाळेत असते, गावात नसतेच. सरपंच बाई आहेत, बोलतात त्यांचे यजमान. मी प्रश्न बाईंनाच विचारते आणि उत्तर त्यांच्याकडून येईपर्यंत थांबते. सुरुवातीला फार वेळ लागायचा.

सेविका कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहितेय. भाऊसाहेब म्हणाले की हेल्पलाइनवर तक्रार आहे, शनिवारी एक लग्न आहे म्हणतात. तिने मान वर केली आणि चक्क वैतागून विचारलं, "आमच्या गावात? कोणाचं?" मी खाली बघितलं. समितीतला कोण कोणाचा पाव्हणा हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

समिती कागदावर आहे, अशी टीका नेहमी होते. कागदावर असली तरी मला ती हवीच असते. तिच्यामुळे मी मुलीच्या घरी एकटी, नंदुरबारहून आलेली बाई म्हणून जात नाही. पोलीस पाटील पुढे चालतात, सरपंचबाई बरोबर असतात. मी संध्याकाळी परत जाणार, हे लोक इथेच राहणार, आणि ते मुलीच्या बापालाही माहीत आहे.

दुपारी दीड

अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. कोणी पाणी आणलं, कोणी खाट टाकली. बाप आधी आधार कार्ड काढतो, मी उतारा काढते. मग सगळे गप्प.

मी कायदा सांगायची घाई करत नाही. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड, हे भाऊसाहेब नंतर सांगतील, ते त्यांचंच काम आहे. मी विचारते, एवढी घाई का? सेविका पावरीतून मराठी, मराठीतून पावरी करत राहते. हळूहळू हिशोब बाहेर येतो. मुकादमाची खावटी दीडीने फेडायची होती, ऊस तोडून ती फिटली नाही. मुलाकडून देज, म्हणजे वधूमूल्य, ठरलं, त्यातलं काही हातात आलं आणि खावटीत गेलंही. मुलाकडच्यांनाही दिवाळीच्या आत लग्न हवंय, कारण ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला मुकादम घेत नाही.

आईचं म्हणणं वेगळंच. "आम्ही सहा महिने गुजरातेत. मागे हिच्याकडे कोण बघेल? पळून गेली तर पंच बसतील, भांडण होईल, देजही जाईल." यावर माझ्याकडे ठेवणीतलं उत्तर नाही. मुलीच्या शिक्षणाचं महत्त्व या बाईला समजावणं म्हणजे तिने विचारलेला प्रश्न न ऐकणं. तिने पोरीला कुठे ठेवू हे विचारलंय. म्हणून मी वसतिगृहाचं बोलते. आदिवासी विकास विभागाचं मुलींचं वसतिगृह, अकरावीला प्रवेश, जेवणखाण सरकारी. तिला लगेच कळतं आणि ती नेमकं विचारते, "कधी उघडतं?" निकालानंतर. "तोवर?" तोवर ती इथेच. हे मधले आठवडेच सगळ्यात अवघड असतात, हे तिलाही दिसतं आणि मलाही.

मुलीशी मी घरामागे बोलते, महिला शिपाई आणि मी, बाकी कोणी नाही. ती रडत नाही. मुलगा तिने पाहिलाय, बरा आहे म्हणते. "लग्न नकोच असं नाही. पण निकाल लागू द्या. इंग्रजीचा पेपर चांगला गेलाय." हे वाक्य मी अहवालात जसंच्या तसं लिहिणार आहे. आमच्या छापील नमुन्यात मुलीचं मत म्हणून एकच ओळ असते, आणि बहुतेक अहवालांत तिथे 'लग्नास नकार' असं ठोकून दिलेलं असतं.

मग हमीपत्र. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. आईबापांचे अंगठे, पोलीस पाटलांची साक्ष, सरपंचबाईंची सही. बाई स्वतः सही करतात, यजमान कागद धरून उभे. यानंतर लग्न लावायला निघाले तर भाऊसाहेब न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम आणतील. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. हेही सांगून होतं.

लग्नाच्या धोक्यात असलेलं मूल कायद्याने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल धरतात, म्हणजे तिला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. मुदत 24 तासांची, प्रवासाचा वेळ वगळून. ज्याने कुणी तो 'प्रवासाचा वेळ वगळून' घातला त्याला हा अकराणी तालुका माहीत असावा. आत्ताच गाडीत घालून तिला नेता येईल, बालगृहात ठेवता येईल. मी तसं करत नाही. मुलीला ओढून नेलं असं गाव म्हणेल आणि टेकडीवरचे फोन बंद पडतील. उद्या सकाळी आई तिला घेऊन येईल, सोबत आशाताई. जीपचं भाडं कोण देणार यावर पंधरा मिनिटं जातात.

दुपारी साडेचार

परतीच्या वाटेवर रेंज आली आणि एका रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा फोन. सतरा वर्षांची मुलगी, सातवा महिना, पहिल्यांदाच तपासणीला आली. गेल्या वर्षीच्या होळीत दोघं पळून गेले होते, मग पंचांनी लग्न लावून दिलं. डॉक्टरांना पोलिसांना कळवणं भाग आहे. पोक्सोच्या कलम 19प्रमाणे ते बंधनकारक, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. त्यांनी कळवलंय. मला बोलावलंय ते मुलीजवळ कोणी बसावं म्हणून.

रुग्णालयात मी जवळ बसते तेव्हा ती एकच विचारते, "त्याला धरून नेतील का?" मी 'नाही' म्हणत नाही. पुढे काय काय होईल ते क्रमाने सांगते, जबाब कुठे, कोण घेणार, मी कुठवर सोबत असेन. बाहेर व्हरांड्यात डॉक्टर म्हणतात, "मॅडम, ही शेवटची. आता त्या पाड्यावरच्या सगळ्या घरीच बाळंत होतील." ते चिडून बोलत नाहीत, त्यांनी हे आधी पाहिलंय. सोळा-सतराच्या पोरीवर बळजबरी झालेली प्रकरणं याच कायद्यामुळे उघडी पडतात, तीही मी पाहिली आहेत. म्हणून कायदा सैल करा असं मला म्हणवत नाही. पण रक्त कमी असलेली, पहिलटकरीण, दवाखान्याला घाबरून घरी राहिली तर तिचं संरक्षण कोणी केलं, हा प्रश्न आमच्या कुठल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर येत नाही. आम्ही आशा आणि परिचारिका यांच्याशी बोलून ठेवतो. गुन्हा दाखल होवो न होवो, तपासणी चुकवू द्यायची नाही. याला कुठे योजना म्हणत नाहीत.

संध्याकाळी साडेसात

ऑफिस. अहवाल, उताऱ्याची प्रत, हमीपत्र, तीन संच. मग पाठपुराव्याची वही. यात लग्न थांबवलेल्या मुली आहेत. थांबवलं की फोटो निघतो, पेपरात बातमी येते, त्यापुढचं या वहीत असतं. एक परिचारिका प्रशिक्षणाला लागली, तिचा फोन उचलला जातो. एकीचं लग्न दोन महिन्यांनी नर्मदेपलीकडे, मामाच्या गावी लागून गेलं, आम्हाला पावसाळ्यानंतर कळलं. एकीचा बाप वारलाय, तिला बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात, पण मृत्यूचा दाखला गुजरातेतून आणायचाय, कारण तो उसाच्या फडावर गेला. दाखल्यासाठी तिकडच्या ग्रामपंचायतीला पत्र टाइप करते, मराठीत, आणि मग त्याचं गुजराती करून द्यायला सहकाऱ्याच्या मागे लागते.

रात्री पावणेदहा

पोलीस पाटील. धडगावला पाव्हण्याकडे मुक्कामी आहेत म्हणून फोन लागलाय. दोन्हीकडचे पंच संध्याकाळी बसले. मुलाकडचे देज लगेच परत मागत नाहीत, थांबायला तयार आहेत. "पण मॅडम, ते म्हणतात शनिवारी नुसता साखरपुडा करू. तो चालतो का?"

चांगला वकील गाठल्यासारखा प्रश्न आहे. कायद्यात बालविवाह आहे, बालपणी ठरवून टाकलेल्या सोयरिकीचं नाव नाही. 2024च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच त्रुटी दाखवली आणि अशा साखरपुड्यांवरही बंदी घालण्याचा विचार संसदेने करावा असं म्हटलं. पाटलांना मी एवढं सांगत नाही. साखरपुड्याच्या नावाखाली पोरगी त्या घरी गेली तर मी हमीपत्र मोडलं असं धरेन, हे सांगते. आणि पंचांनी थांबायचं कबूल केलंय ते लिहून घ्या म्हणते.

"पंचांचं कुठे लिहितात, मॅडम."

"समितीचं रजिस्टर आहे ना पाटील. आजच्याच इतिवृत्ताखाली जागा आहे. उद्या जीप सुटायच्या आत दोन्हीकडच्या पंचांचे अंगठे घ्या, आणि मुलीच्या दहावीच्या बैठक क्रमांकाची चिठ्ठी विसरू नका."