वऱ्हाडचा कापूस : नवे वाण, नवी सेवा

परिचित वस्तूत बदल करणे आणि डोळ्यांना न दिसणारी सेवा लोकांत रुजविणे, ही दोन्ही कामे अवघड आहेत. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कापसाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

पूर्वी देशी कापसाची सरकी शेतकरी घरीच राखून पुढील हंगामात पेरीत असे. १९७० मध्ये सुरत येथे 'एच-४' हे संकरित वाण तयार झाले आणि संकरित कापसाचे युग सुरू झाले. उत्पन्न वाढले, परंतु संकराचा जोम पुढील पिढीत टिकत नसल्याने बियाणे दरवर्षी विकत घेणे भाग पडले. पीक कापसाचेच राहिले, शेतीचा हिशेब मात्र बदलला. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी वाणांबाबतही तेच घडले. बोंडअळीपासूनचे संरक्षण म्हणजे पावसाची हमी नव्हे, ही गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्याला आधीच सांगणे आवश्यक होते.

सेवेची अडचण निराळी. बियाणे मुठीत घेऊन पाहता येते. सेवा तशी पारखता येत नाही. १९७२-७३ पासून राबविलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना शेतकऱ्याने पारखली ती मापात, प्रतवारीत आणि चुकाऱ्यात. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस छुप्या वाटेने सीमेपार जाई. तेथे रोख रक्कम तत्काळ हाती पडे.

यास्तव ग्रामसभेत कोणतीही नवी योजना मांडताना लाभाबरोबरच खर्च, अटी व मर्यादाही सांगाव्यात. घोषणेने शेतकरी एकदा येतो. वेळेवर मिळालेल्या चुकाऱ्याने तो पुन्हा येतो.