कर्षण दंड, मोटारगाडीतील

कर्षण दंड, मोटारगाडीतील : मोटारगाडीचे चालक चाक एंजिनाच्या जोरामुळे मूळ स्थानापासून पुढेमागे सरकू नये म्हणून निलंबन तंत्राची खालची भुजा व गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या धातूच्या दंडाला कर्षण दंड म्हणतात. कारागिरांमध्ये तो ‘ट्रॅक्शन बार’ या नावाने परिचित आहे. या नावावरून त्याच्यामुळे चाकावरील भार व जमिनीवरील पकड वाढते, असा समज होतो. पुढील चाकांनी चालणाऱ्या गाडीत मात्र त्याचे कार्य चाकाचे स्थान राखणे एवढेच असते आणि त्याच्यावर सर्वांत अधिक ताण वेग वाढविताना नव्हे, तर ब्रेक लावताना येतो. त्याची जोडणी व समायोजन या दोन्ही बाबी याच दृष्टीने कराव्या लागतात.

मागील चाकांनी चालणाऱ्या व कमानपाटे असलेल्या गाडीत एंजिनाच्या परिबलाची प्रतिक्रिया मागील आसाच्या घरावर येऊन कमानपाटे पिळले जातात. हा पीळ रोखणे हे तेथील कर्षण दंडाचे काम असते. पुढील चाकांनी चालणाऱ्या गाडीत असे आसाचे घर नसते. परिबलाची प्रतिक्रिया एंजिनाचे आधार पेलतात व चाकाला पुढे ढकलणारी प्रेरणा तुंब्याच्या मध्याशी कार्य करते. सित्रोएन कंपनीची १९३४ मधील ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ ही या मांडणीची मोठ्या प्रमाणावर तयार झालेली प्रसिद्ध गाडी होय. ॲलेक इसिगोनिस यांनी अभिकल्पिलेल्या १९५९ मधील मिनी गाडीत खालच्या भुजेपासून पुढील उपसांगाड्यापर्यंत जाणारा बारीक दंड मुळातच दिलेला होता. भारतात ही मांडणी १९८३ पासून मारुती ८०० या गाडीमुळे सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली.

कार्य : वेग वाढताना गाडीचा काही भार पुढील चाकांवरून मागील चाकांवर जातो. ८०० किग्रॅ. वस्तुमानाच्या, २.२ मी. चाकांतर असलेल्या व गुरुत्वमध्य ०.५५ मी. उंचीवर असलेल्या गाडीचा वेग दर सेकंदाला ३ मी./से. ने वाढत असल्यास हा भार सु. ६०० न्यूटन भरतो. कर्षण दंडाने त्यात काहीही फरक पडत नाही. तथापि रबरी बुश मऊ असल्यास चाक पुढे सरकते, टायर पिळला जातो, घसरतो व पुन्हा पकड घेतो. ही क्रिया दर सेकंदाला अनेक वेळा घडून चाक थडथड उडू लागते. त्यामुळे पकड कमी होतेच, शिवाय चाकाकडे शक्ती नेणारे दंड व त्यांचे सांधे यांना हादरे बसून ते तुटण्याचा संभव असतो. दंडामुळे भुजेची ही हालचाल मर्यादित होते.

दंडावरील प्रेरणा : दंड भुजेपासून पुढे जाणारा असल्यास वेग वाढविताना तो दाबला जातो व ब्रेक लावताना ताणला जातो. चाकाजवळच बसविलेल्या ब्रेकची प्रेरणा टायर जमिनीला टेकतो तेथे कार्य करते. समजा, खालचा व वरचा गोलक सांधा जमिनीपासून अनुक्रमे २०० व ४५० मिमी. आणि चाकाचा मध्य २८० मिमी. उंचीवर आहे. अशा वेळी खालच्या सांध्यावर कर्षण प्रेरणेचा सु. ०.७ पट, तर ब्रेकच्या प्रेरणेचा १.८ पट भार येतो. म्हणून दंड, त्याचा बोल्ट किंवा त्याची बैठक ब्रेक लावताना निकामी झाल्यास चाक मागे फेकले जाऊन सुकाणूवरील ताबा सुटतो. दाबामुळे वाक येऊ नये म्हणून लांब दंड पुरेशा व्यासाच्या नळीचा करतात.

जोडणी : प्रथम गोलक सांधे, रबरी बुश व एंजिनाचे आधार तपासतात, ते झिजलेले असल्यास आधी बदलतात, कारण चाक उडण्याचे कारण पुष्कळदा तेथेच असते. गाडी सपाट जमिनीवर उचलून मजबूत घोड्यांवर टेकवितात. केवळ जॅकच्या आधारावर तिच्याखाली काम करणे धोक्याचे असते. दंडाची पुढील बैठक सांगाड्याच्या आडव्या तुळईला जोडतात. पातळ पत्र्यावर ती बसविल्यास पत्रा फाटतो. भुजेला आतील बाजूस एकच कीलक असल्यास तो व दंडाचे पुढील टोक यांतून जाणारी रेषा हा भुजेच्या हालचालीचा अक्ष ठरतो. भुजेला मुळातच दोन कीलक असतील, तर दंडाचे टोक त्यांच्या अक्षरेषेवर यावे लागते. अन्यथा चाक वरखाली होताना भुजा अडकते व बैठकीला तडे जातात. दंडाची लांबी अशी ठेवतात की, बोल्ट हाताने सहज आत जावा. तो ठोकून बसवावा लागल्यास लांबी चुकली असे समजावे. नंतर चाक पूर्ण वर, पूर्ण खाली तसेच दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर व ब्रेकची नळी दंडाला घासत नाहीत, याची खात्री करतात. रबरी बुश असलेले बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळतात. अधांतरी आवळल्यास रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.

समायोजन : दंडाच्या लांबीवर कॅस्टर कोन अवलंबून असतो. पुढे जाणारा दंड आखूड केल्यास खालचा गोलक सांधा पुढे येऊन धन कॅस्टर वाढतो व लांब केल्यास तो कमी होतो. दोन सांध्यांतील उभे अंतर २५० मिमी. असल्यास खालचा सांधा सु. ४.४ मिमी. सरकला की, कोन १° ने बदलतो. दंड भुजेच्या मध्यावर जोडलेला असल्यास तेथे सु. २.२ मिमी. सरकणे पुरते. एका टोकाला उजवे व दुसऱ्या टोकाला डावे, असे १.५ मिमी. अंतराचे आटे असलेल्या दंडाची लांबी एका फेऱ्यात ३ मिमी. बदलते. म्हणून एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमधील फरक सामान्यतः अर्ध्या अंशाच्या आत ठेवतात. एरवी गाडी कमी धन कॅस्टर असलेल्या बाजूकडे ओढते. कॅस्टरनंतर कँबर व सर्वांत शेवटी टो जुळवितात, कारण आधीच्या बदलांमुळे टो बिघडतो. टोकांचे आटे त्यांच्या व्यासाच्या किमान दीडपट लांबीइतके आत असावेत. लॉक नट आवळून त्यांवर रंगाची खूण करतात व काहीशे किमी. प्रवासानंतर ते पुन्हा तपासतात.

मर्यादा : रबरी बुशांऐवजी धातूचे गोलक सांधे वापरल्यास चाकाचे स्थान अधिक अचूक राहते, परंतु रस्त्याचे हादरे व आवाज गाडीत शिरतात आणि धूळ व चिखल यांमुळे सांधे लवकर झिजतात. त्यामुळे ते शर्यतीच्या गाड्यांना अधिक योग्य ठरतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. सार्वजनिक रस्त्यावरील गाडीत असा बदल करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे विचारणा करणे आवश्यक ठरते.