जुना जिना, नवीन वुडन फ्लोअरिंग: मॅचिंग करायचं कसं? (एपिसोड ट्रान्स्क्रिप्ट)

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आजचा विषय डुप्लेक्स, रो-हाऊस किंवा गावाकडे दोन मजली घर असलेल्यांसाठी. घरात वुडन फ्लोअरिंग टाकायचं ठरतं. जिना मात्र जुना असतो, सागवानी नाहीतर सिमेंटचा. मग आपण दुकानात जाऊन सांगतो, "जिन्याला पण हाच कलर द्या." घोळ इथेच सुरू होतो.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो. रंगाच्या आधी पायऱ्यांची उंची जुळवा. आणि रंग कॅटलॉगमधून ठरवू नका, तुमच्याच लाकडाच्या तुकड्यावर ठरवा. आता हे का, ते बघू.

आधी टेप घ्या, शेडकार्ड नंतर

जिना चढताना आपण पायरीकडे बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंची कळते, पुढचं सगळं सवयीनं होतं. म्हणून एखादीच पायरी वेगळ्या उंचीची निघाली की ठेच लागते. आजी-आजोबा असतील, कडेवर बाळ असेल, तर हा प्रकार फार महागात पडतो.

फ्लोअरिंग टाकल्यावर नेमकं हेच बिघडतं. समजा तुमची प्रत्येक पायरी १७० मिलिमीटर उंच आहे. खाली-वर १२ मिलिमीटरचं लॅमिनेट टाकलं आणि त्याखाली २ मिलिमीटरचा फोम. म्हणजे दोन्ही मजल्यांची जमीन १४ मिलिमीटरनं वर आली. पायऱ्या तशाच ठेवल्या, तर सगळ्यात खालची पायरी १५६ ची झाली आणि शेवटची १८४ ची. फरक २८ मिलिमीटर!

आता पायऱ्यांवर २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या बसवल्या असं धरू. पहिली पायरी १७६, मधल्या १७०, शेवटची १६४. फरक १२ वर आला, पण गेला नाही. अमेरिकेतल्या घरांच्या कोडमध्ये एका जिन्यात सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत ३/८ इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोडनुसार घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९० मिलिमीटर उंच आणि पाऊल ठेवायची जागा कमीत कमी २५० मिलिमीटर हवी.

उपाय सोपा आहे. फ्लोअरिंगची एकूण जाडी आणि पायरीवरच्या फळीची एकूण जाडी, चिकटवायच्या थरासकट, शक्य तितकी सारखी ठेवा. जमीन आणि पायऱ्या सारख्याच वर आल्या की सगळ्या उंच्या जशाच्या तशा राहतात. हे ऑर्डर द्यायच्या आधी ठरवता येतं, नंतर नाही.

तुमची फरशी खरंच लाकडाची आहे का?

"वुडन फ्लोअरिंग" या एका नावाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

लॅमिनेट: आत दाबून केलेला बोर्ड, वर लाकडाच्या रेषांचा छापील थर आणि त्यावर पारदर्शक कोटिंग. याला घासून पॉलिश करता येत नाही. रंग आहे तोच राहणार.

इंजिनिअर्ड वुड: खाली प्लायवूडसारखे थर, वर काही मिलिमीटर खरं लाकूड, बऱ्याचदा ओक.

सॉलिड वुड: अख्खी फळी एकाच लाकडाची.

ओळखायचं कसं? फळीची कापलेली कड बघा, थर लगेच दिसतात. आणि चार-पाच फळ्या शेजारी ठेवा. तीच गाठ, तीच रेघ पुन्हा पुन्हा दिसली तर ती छपाई.

लॅमिनेट असेल तर फरशी बदलत नाही, जिना तिच्याकडे न्यायचा. तेच लॅमिनेट पायरीवर लावणार असाल तर पायरीच्या पुढच्या कडेला नोझिंगची पट्टी हवीच. नाहीतर कड उघडी राहते, पोछ्याचं पाणी आत जातं आणि बोर्ड फुगतो.

एकच शेड, दोन रंग

स्टेन म्हणजे पेंट नव्हे. तो लाकूड झाकत नाही, लाकडात मुरतो. मग लाकूड बदललं की रंगही बदलणारच. ओकची छिद्रं मोठी, त्यात स्टेन भरतो आणि रेषा उठून दिसतात. सागात नैसर्गिक तेल असतं, तो वेगळ्या पद्धतीनं रंग घेतो. पाइन कुठे जास्त पितो, कुठे कमी, म्हणून डाग डाग दिसतात. त्यामुळे डबीवर "वॉलनट" लिहिलंय म्हणून दोन्हीकडे वॉलनट दिसेल, असं होत नाही.

एक नियम लक्षात ठेवा: स्टेननं फिकट लाकूड गडद करता येतं, गडद लाकूड फिकट करता येत नाही. म्हणून दोघांतलं जे गडद आहे ते तसंच ठेवा आणि फिकट लाकूड त्याच्या जवळ न्या. जुना सागवानी जिना काळपट दिसत असेल तर आधी एक पायरी घासून बघा. बऱ्याचदा काळेपणा जुन्या पॉलिशचा असतो, खाली सोनेरी साग निघतो.

वरचा कोटही रंग बदलतो. ऑइल बेस्ड पीयू पिवळट छटा देतं आणि काळानुसार आणखी पिवळं होतं. वॉटर बेस्ड बरंच स्वच्छ राहतं. चकाकीही जुळवा. फरशी मॅट आणि पायऱ्या ग्लॉसी असतील तर रंग एक असूनही वेगळा वाटतो. शिवाय ग्लॉसी पायरीवरून मोजे घालून उतरणं म्हणजे घसरगुंडीच.

म्हणून सुताराकडून पायरीच्याच लाकडाचा फूटभर तुकडा घ्या. त्यावर घासण्यापासून शेवटच्या कोटपर्यंत सगळं करून घ्या. तो फरशीला टेकवून जिन्यापाशी ठेवा. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवे लावून बघा. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून रंग फायनल करू नका, फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनानं रंग बदलतो. तुकड्याच्या मागे शेड आणि कोटांची संख्या लिहून ठेवा.

रेलिंगला वेगळं राहू द्या

रेलिंग फरशीसारखंच हवं, असं काही नाही. ते उभं असतं, त्यावर उजेड वेगळा पडतो, त्यामुळे तंतोतंत जुळवलेला रंगही थोडा हुकलेला वाटतो. त्यापेक्षा पायऱ्या फरशीच्या रंगात, रेलिंगची वरची पट्टी दारांच्या रंगात आणि पायरीचा उभा भाग पांढरा किंवा भिंतीच्या रंगाचा ठेवा. थोडासा हुकलेला रंग चूक वाटतो, स्पष्ट वेगळा रंग मुद्दाम केलेला वाटतो. शिवाय पायरीची कड वेगळी उठून दिसली तर उतरताना अंदाजही चुकत नाही.

सुताराला विचारायचे चार प्रश्न

१. फ्लोअरिंग झाल्यावर पहिली आणि शेवटची पायरी किती मिलिमीटरची होणार?
२. पायरीचं लाकूड नेमकं कुठलं?
३. शेवटचा कोट कुठला, मॅट की ग्लॉसी?
४. सॅम्पलचा तुकडा कधी मिळेल?

चौथ्या प्रश्नावर "त्याची काय गरज?" असं उत्तर आलं, तर अॅडव्हान्स द्यायची घाई करू नका. घरात जिन्याचं काम निघालं असेल तर हा भाग घरच्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!